अम्मांचं तमिळ

तंजावूर, १८ जून २०२३

चि. विनुता,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर. तू म्हणशील, या काळात पत्र कसलं लिहिता, फोन करा. फोन कुठे बसून करू ते सांग. आपलं घर तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात पुटपुटलं तरी अम्मांना ऐकू जातं. देवाने त्यांचं बाकी सगळं थोडंथोडं काढून घेतलं, कान तेवढे ठेवले. व्हॉट्सॲपवर तमिळमध्ये लिहावं तर तुझे भावजी माझा फोन घेऊन पाऊस कधी येणार ते बघत बसतात. घरी मराठी बोलले तरी देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नाही, आणि मला ती फोनवर नाही, हातानेच लिहिता येते. मी लग्नाआधी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्याचा हा एवढा उपयोग झाला. तू तर लेकीच्या, हरिताच्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकलीस. तेव्हा जावाजावांचं गुपित या लिपीत सुखरूप राहील.

आता खरं सांगते. एप्रिलमध्ये अम्मांना ताप आला होता ना, तो उतरला, पण जाताना त्यांचं तमिळ घेऊन गेला. तोंडातून एक शब्द येत नाही. घरात आम्हा मुला-सुनांशी त्या नेहमीच मराठी बोलायच्या, म्हणून आम्हाला कळायलाच उशीर झाला. तापानंतर त्यांना एकटं ठेवायची भीती वाटायला लागली, म्हणून दिवसा सोबतीला चेल्लम नावाची बाई ठेवली. चांगली आहे बिचारी. पण ती तमिळ बोलते, अम्मांना ते सगळं कळतं, आणि उत्तर येतं मराठीत. परवा त्यांनी पाणी मागितलं, हिने पंखा लावला. पुन्हा मागितलं, हिने पंखा वाढवला. मी ऑफिसातून आले तेव्हा अम्मा शाल पांघरून, घसा कोरडा पडून बसल्या होत्या.

टीव्हीवरच्या तमिळ मालिका बघतात, हसायचं तिथे बरोबर हसतात. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, वय झालं की असं होतं, मागून शिकलेली भाषा आधी जाते, आईची शेवटपर्यंत राहते.

तुझे भावजी रोज ओरत्तनाडूला बँकेत जातात, मी कॉलेजच्या ऑफिसात. माझ्या रजा संपल्या. दिवसभर हात कागदावर असतो आणि मन घरात. फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघते.

विचारू का? तुमच्या पुण्यात भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळेच मराठी. अम्मांना काही महिने नेशील का? तिथे त्यांनी पाणी मागितलं तर कोणीही देईल.

तुझी,
सरोजाक्का


पुणे, १ जुलै २०२३

सरोजाक्का,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं, आणि पंख्याच्या गोष्टीला हसू आलं त्याची लाज वाटली.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी रुसते. हरिताचं दहावीचं वर्ष. शिवराज महिन्याचे निम्मे दिवस फिरतीवर. माझी शाळा सकाळची, पण दुपारी शिकवण्या. अम्मांना इथे करमेल का, हाही विचार करायला हवा. त्यांचं सगळं आयुष्य तंजावुरात गेलं.

त्यापेक्षा मला वाटतं, चेल्लमलाच थोडं मराठी शिकवा. पाणी, भूक, दुखतं, थंडी, न्हाणीघर एवढ्या शब्दांत माणसाचा दिवस निघतो. माझ्या शाळेत बिहारहून आलेली मुलं दिवाळीपर्यंत भांडायला लागतात मराठीत. मोठ्या माणसालाही जमेल.

नाही म्हणते आहे असं समजू नका. थोडं बघू या, एवढंच म्हणते.

तुमची,
विनुता


तंजावूर, २० जुलै २०२३

चि. विनुता,

तुझी शाळा आमच्या घरी भरवून पाहिली. चेल्लम हुशार निघाली, आठवड्यात सगळे शब्द पाठ. मग एका सकाळी अम्मांच्या समोर उभी राहून म्हणाली, "पाणी पाहिजे का?" अम्मांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू कोणांची गो? कोणांच्या घरची सून?" पाठोपाठ माहेर कोठलं, देव कोणता. त्यांना वाटलं आपल्यातलीच कोणी नातेवाईक आली. चेल्लमकडे एवढी उत्तरं कुठली? तिने हसून पाण्याचा पेला पुढे केला. अम्मा रागावल्या, की मोठ्या माणसाने विचारलं तर सांगू नये का. आता चेल्लम मराठी बोलायला घाबरते.

हे हसण्यासारखं झालं. पुढचं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून चेल्लमने गरम पाण्याची पिशवी दिली. पिशवी घसरून पावलाखाली गेली, वर लुगडं. अम्मा सगळी दुपार सांगत होत्या, "पाय भाजतो गो, पाय भाजतो." चेल्लमला वाटलं, शेक बरा वाटतो म्हणून म्हणतात. तिने पाणी गार झालं असेल म्हणून पुन्हा गरम भरून दिलं. मी पाच वाजता आले, लुगडं वर केलं, तर पावलाला हा मोठा फोड. चेल्लम भिंतीशी बसून रडली. मी न्हाणीघरात जाऊन रडले, कारण रडायला तेवढीच जागा मोकळी होती. अम्मा एकट्या शांत. मला म्हणाल्या, "केव्हाची सांगते आहे मी, ही ऐकतच नाही."

कॉलेजात परीक्षेचं काम तोंडावर आलंय. नव्या प्रिन्सिपलबाईंनी बोलावून स्पष्ट सांगितलं, नियमित येणं जमत नसेल तर राजीनाम्याचा विचार करा. घरी आले तर तुझे भावजी म्हणाले, सोड ना मग नोकरी, नाहीतरी निवृत्तीला किती राहिलं. बँक त्यांनी सोडावी असं काही त्यांना सुचलं नाही. मी सोडणार नाही, विनुता. हे मी तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर सून म्हणून माझंच तोंड दिसेल. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला माझी म्हणून जी एक खुर्ची आहे, ती त्या ऑफिसात आहे.

लिफ्ट रुसते, दहावी आहे, फिरती आहे, सगळं खरं असेल. पण ही कारणं आहेत की निमित्तं, ते तूच मनाशी ठरव. माझं इकडे आड तिकडे विहीर झालंय.

सरोजाक्का


पुणे, ३० जुलै २०२३

सरोजाक्का,

निमित्तंच होती. तुम्ही पकडलीत, ते बरं झालं.

मला अम्मांची भीती वाटते. अजून. लग्नानंतर शिवराजला पुण्याची नोकरी लागेपर्यंत मी तुमच्यात राहिले. तेवढ्या दिवसांत अम्मांनी माझं एक काम चांगलं म्हटलं नाही. दारात कोलमची रांगोळी काढली तर रेघा वाकड्या, रस्सम केलं तर चिंच जास्त. तुम्ही मध्ये पडायचात म्हणून निभावलं. पुण्याला निघालो तेव्हा त्या मला काही बोलल्या नाहीत, नुसत्या आत गेल्या. मला तेव्हाच कळलं, यांनी मला कधी घरातली धरलंच नाही. आता त्याच माझ्या घरी येणार, मी त्यांचं सगळं करणार, आणि त्या आजारी म्हणून मला रागावताही येणार नाही. म्हणून टाळत होते.

पण तो फोड वाचल्यावर झोप येईना. शिवराज पुढच्या आठवड्यात येतो आहे त्यांना न्यायला. तुम्ही कॉलेजात जा, नीट मन लावून जा. इथे आमच्या सोसायटीत चार आजीबाई रोज खाली बाकावर बसतात, कामाच्या मावशी साताऱ्याच्या आहेत. अम्मांना बोलायला माणसं कमी पडणार नाहीत.

त्यांच्या गोळ्या, आणि ती जुनी उशी विसरू नका.

विनुता


पुणे, ३ सप्टेंबर २०२३

सरोजाक्का,

उशिरा लिहिते आहे, कारण काय लिहावं तेच कळेना. फोनवर मी "छान आहेत" म्हणत होते ते तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून. प्रकृती खरंच चांगली आहे. पाऊल भरून आलं.

पण अम्मा मराठी बोलत नाहीत.

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, त्या फक्त तमिळ बोलतात. शिवराज सांगतो, तंजावुरात अम्मा दारातून बाहेर पडून रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "हळू चालव बाबा." तमिळमध्ये. गाडीतही सगळी तमिळच. त्याला आनंद झाला, अम्माचं तमिळ परत आलं म्हणून. आम्हाला वाटलं, चला, दोन्ही भाषा असतील. पण इथे आल्यापासून मराठीचा शब्द नाही. कामाच्या मावशींशी तमिळ, वॉचमनशी तमिळ. खालच्या आजीबाई हौसेने भेटायला आल्या, म्हणाल्या, "अहो, तुमच्या सासूबाई मराठी ना?" अम्मा त्यांच्याकडे बघून गोड हसल्या आणि तमिळमध्ये त्यांच्या पायदुखीची चौकशी केली. शिवराज मराठी बोलला तर त्यालाही तमिळमध्ये उत्तर.

आणि मला "नींग" म्हणतात. तुम्हाला सांगायला नको, तमिळमध्ये ते कोणाला म्हणतात. अहो-जाहो करतात मला, परक्या बाईला करावं तसं. वाढायला गेलं की हात आडवा करून "पोदुम", पुरे. आपली पिशवी मांडीवरून खाली ठेवत नाहीत. संध्याकाळ झाली की विचारतात, बस केव्हा आहे, काळोखाआधी घरी पोचायला हवं.

इथे मावशींना तमिळ कळत नाही, म्हणजे मी शाळेत असते तेव्हा तुमच्याकडे होतं तेच इथे उलटं. मंगळवारी त्या न जेवता बसल्या, कारण मावशींनी भाकरी वाढली आणि त्यांना भात हवा होता. आगीतून फुफाट्यात घातलं आपण त्यांना. डॉक्टर म्हणतात, जागा बदलली की गोंधळ वाढतो. मला तर वाटतं, त्या मुद्दाम करतात. असं वाटणं बरं नाही, पण वाटतं.

विनुता


तंजावूर, १२ सप्टेंबर २०२३

चि. विनुता,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि परत परत त्या रिक्षाजवळ येऊन थांबले. अम्मा निघाल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंड लपवून उभी होते, म्हणून त्या रिक्षावाल्याशी काय बोलल्या ते मला माहीतच नव्हतं.

तुला आठवतं का, तू नवी असताना आत उभी राहून दूधवाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करत होतीस, तेव्हा अम्मांनी तुला हाताला धरून तिण्णैवर नेलं होतं? मलाही नेलं होतं. तिण्णै म्हणजे आपला दारापुढचा ओटा, तोच आपली वेस. त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम होता. उंबऱ्याच्या आत मराठी, नाहीतर पोरं विसरतील. उंबऱ्याच्या बाहेर तमिळ, अगदी नवऱ्याशी आणि पोटच्या पोराशीसुद्धा. चार माणसांत आपण आपल्याच भाषेत बोललो तर त्यांना वाटतं, यांनी आपल्याबद्दल काहीतरी म्हटलं. ज्यांच्या गावात राहिलो त्यांना तसं वाटू देऊ नये. भांडीवालीशी त्या परसात जाऊन बोलायच्या, भाजीवालीशी तिण्णैवर. घरात तमिळ बोलणारं कोणी कधी नव्हतंच, चेल्लम येईपर्यंत.

विनुता, त्या तमिळ विसरल्या नाहीत. एप्रिलपासून आम्ही त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, पडतील म्हणून. त्या आत आहेत, म्हणून मराठी. तापाने बाकीचं सगळं सैल केलं, ही एक गाठ तेवढी घट्ट राहिली. आम्ही घरची माणसं, आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता पुढचं लिहायला हात अडतो. तुझ्याकडे त्या तमिळ का बोलतात, ते तुझ्याही लक्षात आलं असेल. त्यांना वाटतं, आपण बाहेर आहोत. वाईट वाटून घेऊ नकोस. आजारी माणूस आहे.

त्यांना परत पाठव. परीक्षा चालू आहेत, माझ्या मनाची फार घालमेल आहे. माझा अंदाज चुकला, तिण्णैवर बसवूनही तमिळ आलं नाही, तर मला नोकरी सोडावीच लागेल, हे मी प्रिन्सिपलबाईंना कबूल करून बसले आहे. पण त्यांना रोज संध्याकाळी बसची वाट बघायला लावणं मला सोसत नाही.

सरोजाक्का


पुणे, २५ सप्टेंबर २०२३

सरोजाक्का,

वाईट वाटलं. वाटून घेऊ नकोस म्हटल्याने ते थांबत नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी वेड्यासारखं काय केलं ते सांगते. दाराला आंब्याची डहाळी बांधली, उंबऱ्यापुढे कोलम काढलं, तुमच्यासारखे देव कोपऱ्यात मांडले. अम्मांना जिन्यापर्यंत नेऊन परत उजवं पाऊल टाकून आत आणलं. त्यांनी सगळं बघितलं. कोलमच्या रेघांकडे जरा जास्तच बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवून तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमचं घर छान आहे."

तुमचं घर. मी त्यांची वेणी घालते, पाय चेपते, रात्री उठून पांघरूण घालते, आणि हे माझंच घर, त्यांचं नाही. म्हणजे मी जे इतकी वर्षं मनात धरून होते ते खरंच होतं. मी त्यांना कधी घरातली वाटलेच नाही.

शिवराज दसऱ्याआधी त्यांना घेऊन निघेल. गोळ्या आणि उशी पाठवते. मला काही दिवस पत्र लिहू नका.

विनुता


तंजावूर, ५ नोव्हेंबर २०२३

चि. विनुता,

तू लिहू नकोस म्हणालीस, म्हणून इतके दिवस कळ काढली. आज लिहिते, मग राग यायचा तर येऊ दे.

अम्मा आल्या. दुसऱ्या सकाळी मी त्यांची वेताची खुर्ची तिण्णैवर ठेवली, चेल्लमला पायरीवर बसवलं आणि ऑफिसला गेले. तो दिवस कसा गेला ते विचारू नकोस. फोन समोर ठेवला होता. वाजला तरी भीती आणि नाही वाजला तरी भीती. दुपारी वाजलाच. चेल्लम. ती म्हणाली, "अक्का, पाटीम्मा मला फार बोलल्या." इकडे आजीला पाटी म्हणतात ते तू विसरली नसशील. मी विचारलं, कुठल्या भाषेत? ती म्हणाली, "तमिळमध्ये. म्हणाल्या, तुला गजरासुद्धा धड ओवता येत नाही, आण इकडे." बोलणी खाल्ली म्हणून इतकी आनंदी झालेली बाई मी पहिल्यांदाच बघितली. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन पदर तोंडाला लावून हसले, की रडले, मला सांगता येणार नाही.

आता सकाळी आमच्यातलं कोणीतरी खुर्ची बाहेर नेतं. पाणी, भूक, गुडघा, सगळं चेल्लमला कळतं. सगळं सुरळीत झालं असं नाही. या महिन्यात पाऊस आडवा येतो, मग त्यांना आत घ्यावं लागतं, आत आलं की मराठी, आणि माझा जीव पुन्हा खालीवर. तुझ्या भावजींनी तिण्णैवर पत्रा वाढवून घेतला आहे. एवढं त्यांना सुचलं, देव पावला. नोकरी आहे. प्रिन्सिपलबाई आताशा माझ्याकडे बघून मान हलवतात.

हे सगळं तुला भावजींकडून कळलं असतं. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणासाठी.

काल संध्याकाळी पाऊस होता. अम्मांना आत घेतलं, दिवा लावला, जेवायला बसवलं. त्यांनी पानं बघितली. माझं, भावजींचं, त्यांचं स्वतःचं. पुन्हा बघितली. मग मला मराठीत म्हणाल्या, "विनुता कोठे? अजून घरी आली नाही ती?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं.

"केव्हाची गेली आहे बाहेर," त्या म्हणाल्या. "काळोख पडला, पाऊस आहे. तिला वाटेची भीती वाटते. तिचं पान का नाही घेतलं?"

विनुता, ते पुण्याचं घर त्यांना कोणा दुसऱ्या बाईचं वाटलं, एक भली बाई, वेणी घालणारी. त्या बाईला त्या मानाने "नींग" म्हणाल्या. तू ती नव्हतीसच. तू इथली, बाहेर गेलेली, उशीर झालेली.

मी तुझं पान घेतलं. भात वाढला. त्यांना म्हटलं, येईल, निघाली आहे. त्यांनी घास घेतला, मग थांबून म्हणाल्या, "मग कडी लावू नको."

भावजींनी दार नुसतं ओढून घेतलं. पोंगलला शाळेला सुट्टी मागून घे आणि ये.

तुझी,
सरोजाक्का